सांगली ते कन्याकुमारी, एकटीने, स्वतःच्या गाडीने: तयारी काय करू?

मळ्यातली_वाट | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

वय ४९, राहणार सांगली, विश्रामबाग. गाडी सहा वर्षांची, पेट्रोल, लहान, ४१ हजार किमी झालेली. गाडी शिकले ४४व्या वर्षी. आजवर सगळ्यात लांब चालवली ती पुण्यापर्यंत, आणि तेव्हाही शेजारी आमचे हे बसलेले, स्वतःच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत.

जानेवारीत कन्याकुमारीला जायचंय. एकटीनं. का, असं विचारणारच तुम्ही, म्हणून आधीच सांगते. बँकेतली नोकरी सोडली. २६ वर्षं प्रत्येक सुट्टी कुणाच्या ना कुणाच्या सोयीनं घेतली. यावेळी मला वाटेल तिथं चहाला थांबायचंय, एवढंच. सासूबाई विचारतात, "तिथं जाऊन करणार काय?" त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

सामानाच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत, एकीत तर कुऱ्हाडसुद्धा होती. यादी नकोय. तीन गोष्टी विचारायच्यात. चाक बसलं आणि आजूबाजूला कुणी नसलं तर काय करायचं? दिवसाला किती चालवावं? (मी पहिल्या दिवशी थेट बंगळूर धरलंय, साडेसहाशेच्या वर होतं.) आणि तमिळनाडूत भाषेचं काय?

---

एसटी_स्टँड | ७ डिसेंबर, रात्री ९:५२

पहिला. वाचतोय.

---

घाटमाथा | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

ताई, मी साताऱ्याचा. दोनदा गेलोय तिकडं, एकदा दुचाकीवर, एकदा गाडीनं. बंगळूर एका दिवसात हे आधी खोडा.

नकाशावर ते सोपं दिसतं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, सरळ रस्ता. पण अडचण रस्त्याची नाही, एकटेपणाची आहे. दोघं असले की दुसरा माणूस बोलतो, पाणी देतो, टोल आला म्हणून सांगतो, आणि मुख्य म्हणजे "आता थांबू या" असं म्हणतो. एकट्याला ते म्हणणारं कुणी नसतं. मी हुशारी केली होती. पहाटे चारला साताऱ्यातून निघालो, बंगळुरात रात्रीचं जेवण करायचं म्हणून. हावेरीच्या आसपास दुपारी तीनला डोळा मिटला. किती वेळ, देव जाणे. चाक रस्त्याकडेच्या खडबडीत पट्टीवर गेलं आणि खडखडाटानं जाग आली. पुढच्या ढाब्यावर गाडी लावून दोन तास झोपलो. त्या दिवसापासून एकटा असलो की साडेतीनशे, फार तर चारशे.

तुमच्यासाठी असं बघा. पहिल्या दिवशी हुबळी, फार तर चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रदुर्गचा किल्ला बघून निघा. बंगळूर शहरात शिरूच नका, तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड धरला की बाहेरून होसूर रस्त्याला लागता. त्याचा टोल वेगळा पडतो, पण द्यायचा. मुक्काम कृष्णगिरी. तिसऱ्या दिवशी मदुराई, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कन्याकुमारी. एकूण तेराशे-साडेतेराशे किमी होतं. कृष्णगिरीपासून खाली ४४ नंबरचा महामार्ग थेट टोकापर्यंत.

एक जागा लिहून ठेवा: धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट. सेलमकडे जाताना उतार आहे आणि अवजड ट्रक असतात. खंबाटकीत आपण करतो तसं, आधीच खालचा गिअर टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

आणि दुपारच्या जेवणात भात कमी. तिकडं केळीच्या पानावर वाढत राहतात, आपण खात राहतो, आणि पुढचे दोन तास गाडी देव चालवतो.

---

स्पष्टवक्ता | ७ डिसेंबर, रात्री ११:०५

एवढा खटाटोप कशाला? मिरजेतून रेल्वेत बसायचं. बाईमाणसानं एकटीनं एवढं लांब गाडी न्यायची म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर.

---

अबोली_के | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

@स्पष्टवक्ता, तिनं चाकाबद्दल विचारलंय, घोराबद्दल नाही.

---

बापू_टायरवाले | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

ताई, चाकाचं मी सांगतो. मिरज रोडला दुकान हाय, ३० वर्षं हेच केलंय.

पहिलं, टायरच्या कडंवर चार आकडे असत्यात लांबुळक्या चौकटीत. ३२१९ लिहिलं असंल तर २०१९ सालचा ३२वा आठवडा. तुमची गाडी सा वर्षांची, म्हंजे टायर बी बहुतेक तवाचंच. गोट्या (टायरवरची नक्षी) शिल्लक दिसत्यात म्हणून ठेवू नका. ४१ हजारात गोट्या ऱ्हातात, पण रबर वाळतं. कडंला बारीक चिरा बघा. चिरा असतील तर चारी बदला, ह्यात काटकसर नको. आणि स्टेपनी. लोकं स्टेपनी इसरत्यात, मग रस्त्यात काढत्यात तर तिच्यातच हवा नाय.

दुसरं, हवा गाडी थंड असताना भरायची. किती, ते डायवरच्या दाराच्या आतल्या खांबावर चिकटवलेलं असतंय. पंपावरचं पोरगं सगळ्यांना ३५ भरतंय, त्याचं ऐकू नका.

तिसरं, ट्यूबलेसमदी खिळा घुसला तर हवा बहुतेक येळा हळूहळू जाती. खिळा उपसायचा नाय! हवा भरायचं छोटं यंत्र मिळतं, गाडीतल्याच प्लगावर चालतं. ते घ्या. हवा भरायची, हळू चालवत पुढच्या पंपापाशी जायाचं. निम्म्यापेक्षा जास्त लोकांचं तेवढ्यात भागतं. चाक एकदम बसलं आणि जागा अडचणीची असंल, तर तशीच पाच-सातच्या स्पीडनं कडेला न्या. रिंग गेली तर जाऊ दे. हायवेवर ट्रॅफिकच्या बाजूला बसून कधीच चाक बदलायचं नाय.

आणि लाखातलं सांगतो. जायच्या आधी घराच्या अंगणात एक चाक सोता काढा आणि सोता बसवा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. हँडब्रेक, पयला गिअर, मागच्या चाकाला दगड. जॅक लावायच्या आधी बोल्ट थोडं ढिलं करायचं, मग उचलायचं. बसवताना एक सोडून एक आवळायचं.

---

हळदकर | ८ डिसेंबर, रात्री ८:४५

तोप्पूर वगैरे ठीक आहे, पण तुमच्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा टप्पा कोणता सांगू का? सांगली ते शिरोली. हसू नका.

जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. जयसिंगपूर, हातकणंगले, सगळीकडं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं झाकलेला, उसाची वाढं बाहेर आलेली. पहाटेच्या धुक्यात ती ट्रॉली दिसत नाही, एकदम समोर उभीच राहते. बैलगाड्यांचं तर विचारूच नका. आपण रोज बघतो म्हणून त्याची भीती वाटत नाही, आणि घोळ तिथंच होतो. माणूस "लांबचा पल्ला" म्हणून पहाटे चारला निघतो आणि नेमकं स्वतःच्या घराजवळचं सगळ्यात वाईट अंतर अंधारात कापतो.

नीट उजाडल्यावर निघा. सात वाजता. तासभर उशीर झाला तर हुबळी कुठं पळून जात नाही. पुढं कोल्हापूर-कागल पट्ट्यातही सहापदरीकरणाची डायव्हर्जनं असतात, ती दिवसाच बरी.

परतीलाही तेच. घर जवळ आलं म्हणून रात्री ओढत आणायची नाही. निपाणीत झोपा हवं तर.

---

एसटी_स्टँड | ८ डिसेंबर, रात्री ८:५८

निपाणीत झोपा 😂 पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. आमच्या चुलत्यांची गाडी अशीच ट्रॉलीखाली गेली होती. वाचले.

---

गलाईकर | ९ डिसेंबर, सकाळी १०:१०

भाषेचं मी सांगतो. मूळ गाव विट्याजवळ, सध्या मुक्काम सेलम.

आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे सांगलीकरांना सांगायला नको. ज्या गावात सराफ बाजार आहे, तिथं गलाईचं दुकान असण्याची शक्यता भरपूर. तमिळनाडूत तर माझे निम्मे पाहुणे आहेत. अडचण आली तर गावातल्या सराफ कट्ट्यावर जायचं आणि विचारायचं, मराठी गलाईवाले कुठं? कुणीतरी बोटानं दाखवतंच. "सांगलीहून आलेय" म्हटलं की आधी चहा, मग "कुठल्या पाव्हण्यातल्या?" आणि मग तुमचं काम. या क्रमानंच.

तुमच्या गावात कुणी ना कुणी गलाईवाला माहीत असेलच. त्याच्याकडून मदुराई, सेलम, तिरुनेलवेलीचे नंबर घ्या आणि वहीत लिहून ठेवा. फोन बंद पडला तर फोनमधले नंबर काय कामाचे?

बाकी हिंदीवर फार भिस्त ठेवू नका. छोट्या गावात तोडकंमोडकं इंग्रजी आणि हातवारे चालतात. "तण्णी" म्हणजे पाणी, "एव्वळवु" म्हणजे किती, "पोदुम" म्हणजे पुरे. तिसरा शब्द जेवताना फार लागतो, घाटमाथांच्या भाताच्या मुद्द्यावर हाच उतारा.

हवामानाचंही बघून घ्या. आपल्याकडं दिवाळीला पाऊस संपतो, तमिळनाडूत तेव्हा परतीच्या मोसमी वाऱ्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून जानेवारी बरोबर निवडलात. पण संक्रांतीला नका येऊ. तेव्हा इकडं पोंगल, शबरीमलाचा मकरज्योतीचा दिवस, सगळं एकदम. काळ्या कपड्यातल्या अय्यप्पा भक्तांच्या बसेसनी रस्ते भरलेले असतात. १८-२० तारखेनंतर निघा.

---

मळ्यातली_वाट | ९ डिसेंबर, दुपारी ४:३०

काय बोलू? सगळ्यांचे आभार. टायर पाहिले: ०८१९! म्हणजे गाडीपेक्षाही थोडे जुने. चारही बदलतेय. बंगळूर खोडलं. निघायचं २० जानेवारी, सकाळी सात.

सांगते, माझ्या माहेरच्या गल्लीतलेच एक काका गलाईसाठी मदुराईत होते ३० वर्षं. इतकी वर्षं डोळ्यासमोर असून सुचलं नाही.

---

अबोली_के | ९ डिसेंबर, रात्री १०:००

आता माझं. मी साताऱ्याहून एकटी गोकर्ण, हंपी आणि एकदा कच्छला जाऊन आलेय.

मुक्काम पहिल्या दोनच रात्रींचे आधी ठरवा, पुढचे जाता जाता. सगळं आधी ठरवलं की पोचायचंच म्हणून माणूस अंधारात चालवतो. खोली घेताना स्वच्छतेच्या आधी दोन प्रश्न: गाडी आवारात लागते का, आणि रात्री काउंटरवर माणूस असतो का. कन्याकुमारीत विवेकानंद केंद्राच्या आवारात राहायची सोय आहे, शांत जागा आहे, तिथं आधी विचारा.

ओळखीच्या सुताराकडून एक लाकडी पाचर करून घ्या. आतून दाराखाली सारायची. दहा रुपयांची वस्तू, पण झोप लागते. कडी कितीही चांगली असली तरी.

"एकट्याच?" हा प्रश्न दिवसातून सहा वेळा येतो. त्यातले पाच लोक काळजीनं विचारतात, सहावा ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर, "मागनं भावाची गाडी येतेय." माझा भाऊ गेली आठ वर्षं माझ्या मागनं येतोय, अजून पोचलेला नाही.

थांबायचं ते मोठ्या पंपावर, गर्दीच्या ठिकाणी. निर्जन जागी फोटोला नाही. ११२ तर माहीत असतोच, पण राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ सुद्धा वहीत लिहा, गाडी बंद पडली तर त्यावर मदत मागता येते. विम्याच्या कागदावर रस्त्यातल्या मदतीचं कलम आहे का ते आताच वाचा. लायसन्स, आरसी, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी एक झेरॉक्स सीटखाली असू दे.

घरी फोन किती वेळा करायचा ते आधी ठरवून टाका. मी सकाळी निघताना आणि संध्याकाळी पोचल्यावर करते, मध्ये नाही. हे नाही ठरवलं तर चालवताना वीस फोन येतात आणि एक नाही उचलला की तिकडं रडारड.

---

स्पष्टवक्ता | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

ठीक आहे, मी माघार घेतो. फास्टॅगचा वार्षिक पास काढा ताई. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हा खासगी गाडीला ३००० रुपये होते, २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एवढ्या लांब जाऊन येणार तर फायद्यातच पडेल. राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, नाइस रोडला नाही.

---

अबोली_के | ९ डिसेंबर, रात्री १०:४४

👏 बघा, आला ना मुद्द्यावर.

---

मोडी_वाचक | १० डिसेंबर, सकाळी ९:००

दिंडीगुलपासून त्रिचीमार्गे तंजावर फार लांब नाही. सरस्वती महाल ग्रंथालय, आणि बृहदीश्वराच्या मंदिरातला भोसल्यांच्या इतिहासाचा १८०३चा मराठी शिलालेख. सरफोजी राजांनी कोरून घेतलेला. एवढ्या लांब जाऊन ते न बघणं म्हणजे...

---

घाटमाथा | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

या धाग्यावर कुणीतरी तंजावरचा फाटा काढणार याची वाटच बघत होतो. ताई, ते परतीला बघा. जाताना नको.

---

मळ्यातली_वाट | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

बापू, तुमचं ऐकलं. अंगणात चाक काढायला बसले. हँडब्रेक, गिअर, दगड, सगळं सांगितल्याप्रमाणे. आणि पहिला बोल्टच हलेना! पाना लावून दाबलं, लोंबकळले, शेवटी पान्यावर उभी राहिले. माझं वजन ५४. बोल्टला काही फरक नाही. हे व्हरांड्यातून बघत होते, हात लावायचा नाही म्हणून सांगून ठेवलेलं, त्यामुळे बिचारे नुसतेच चपला घालत आणि काढत होते.

हे रस्त्यात झालं असतं तर?

---

बापू_टायरवाले | १५ डिसेंबर, रात्री ८:००

नव्या टायरला कुणीतरी हवेच्या गननं आवळलंय. सगळीकडं तसंच करत्यात. त्यांना सांगायचं, शेवटचं हातानं आवळा, माझ्यासमोर.

आता उपाय सोपा हाय. प्लंबिंगच्या दुकानात दोन फुटाचा लोखंडी पाइप मिळतो, पान्याच्या दांड्यावर बसंल असा. तो घातला की दांडा लांब होतो, ताकद कमी लागती. पाइप सोडायलाच वापरायचा. आवळायला नाय, न्हाईतर आटे जातील.

---

मळ्यातली_वाट | १६ डिसेंबर, दुपारी १२:३०

८५ रुपयांचा पाइप. एका हातानं सुटला बोल्ट. चाक काढलं, बसवलं, ४० मिनिटं लागली, नंतर पुन्हा एकदा केलं, २५. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, "आमच्या हिनं चाक काढलं."

---

मळ्यातली_वाट | २९ डिसेंबर, रात्री ९:१५

रंगीत तालीम करून आले. सांगली, पेठनाका, कऱ्हाड, सातारा, वाई, पाचगणी. रात्र तिथं, आज परत. साधारण साडेतीनशे किमी. कुणालाच सोबत न घेता.

जी भीती होती त्यातलं काही झालं नाही. पसरणीच्या घाटात समोरून बस आली, मागं घ्यावी लागली, घेतली. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर नुसतीच अर्धा तास बसले. हीच कृष्णा पुढं आमच्या गावी येते, आणि मी इतक्या वर्षांत इथं कधी थांबलेच नव्हते, गाडीतल्या कुणाला ना कुणाला घाई असायची.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. जेवायला. साताऱ्यात दुपारी तीन हॉटेलांसमोर गाडी हळू केली आणि पुढं गेले. एकटीनं टेबलावर बसून ताट मागवायचं, हे आयुष्यात कधी केलेलं नाही हे तिथं कळलं. ४९ वर्षांची बाई, चाक बदलते, आणि आमटी-भात मागवायला लाजते! भडंग खाऊन वाईपर्यंत गेले. चारला डोकं दुखायला लागलं, चिडचिड, एका सिग्नलला चुकीच्या लेनमध्ये. म्हणजे धोका टायरमध्ये नव्हता, उपाशी पोटात होता.

रात्री पाचगणीत मुद्दाम गेले. कोपऱ्यातलं टेबल. वेटर म्हणाला, "मॅडम, अजून कोण येणारेत?" मी म्हटलं, "भाऊ येतोय मागनं." अबोली, तुमचा भाऊ मी उसना घेतलाय.

हे कुठल्याच यादीत नव्हतं.

---

अबोली_के | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

घ्या, सांभाळून आणा परत. आणि तिकडं हा प्रश्न येणार नाही. दुपारच्या मील्सच्या हॉटेलात सगळे अनोळखी एका बाकड्यावर बसतात, कुणी कुणाकडं बघत नाही.

---

घाटमाथा | ३० डिसेंबर, सकाळी ८:००

सर्व्हिसिंग ५ तारखेच्या आत करून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. गाडी उघडली की काहीतरी ढिलं राहतं, ते सांगलीतच दोन आठवड्यांत कळू दे. बॅटरी मूळची असेल तर तिचंही वय झालंय, तपासून घ्या. तिरुनेलवेलीच्या पुढं मुप्पंदलकडं पवनचक्क्यांचं रान आहे. खरा वारा पावसाळ्यात, तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर. चाळकेवाडीच्या पठारावर गाडी कशी हलते, तसं.

---

मळ्यातली_वाट | १९ जानेवारी, रात्री ९:००

टाकी भरली. हवा सकाळी थंड असताना बघितली. वहीत सेलमचे दोन, मदुराईचे तीन, तिरुनेलवेलीचा एक नंबर. पाचर आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सासूबाईंनी स्वतः बांधून दिली, चार दिवसांची. "तिथं जाऊन करणार काय" हे विचारायचं त्यांनी बंद केलंय, आता "समुद्राचं पाणी आण बाटलीत" म्हणतात.

एकच अडचण राहिलीय. बापू, तो पाइप सीटखाली ठेवलाय, आणि प्रत्येक खड्ड्याला टण-टण वाजतो. १३०० किमी हे कसं ऐकू?

---

बापू_टायरवाले | १९ जानेवारी, रात्री ९:२५

जुनं लुगडं घ्या, त्यात गुंडाळा, आणि स्टेपनीच्या खळगीत दाबून ठेवा.

---

हळदकर | २० जानेवारी, सकाळी ६:१०

धुकं आहे आज. साडेसातला निघा.